परमुलखांतली बंदूक आणि घरचा कायदा

अमेरिकेंतील माणसाला आपलें राज्य सोडून दुसऱ्या राज्यांत बंदूक विकत घ्यावयाची झाली, तर त्याला कोणता कायदा लागतो? हा प्रश्न ऐकून आमचा नांगरधारी शेतकरी म्हणेल, “मला काय त्याचें? माझें दुखणें रानडुकराचें आहे, अमेरिकेचें नव्हे.” लोहार, सुतार, कोष्टी हेही तेंच म्हणतील. पण बंधूंनो, जरा दमानें घ्या. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक लिहिलें, तें अमेरिकेंतील ज्या लोकांनीं काळ्या गुलामांच्या सुटकेसाठीं झीज सोसली त्यांना अर्पण केलें. तेव्हांपासून त्या मुलखांतील दडपलेल्या माणसाची कथा ही आमच्याच घरची कथा झाली आहे. दुसरें असें कीं, आज आमचीं पोरें शिक्षणाला आणि नोकरीला त्या देशांत जातात. आणि तिसरें, सर्वांत महत्त्वाचें: हत्यार कोणाला मिळतें, कोणाला नाकारलें जातें, आणि हें ठरविणारा कोण, एवढें पाहिलें म्हणजे त्या देशांत सत्ता कोणाच्या मुठींत आहे तें कळतें. हें माप तिकडे जितकें खरें, तितकेंच इकडेही खरें आहे.

प्रथम नियम काय तो सरळ सांगतों. अमेरिकेंत ५० राज्यें आहेत आणि हत्यारांविषयीं प्रत्येकाचा कायदा निराळा आहे. न्यू जर्सी राज्यांत पिस्तूल घेण्यापूर्वीं पोलिसांकडून खरेदीचा परवाना काढावा लागतो. नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियांत गेलें कीं तसा परवाना लागत नाहीं. मग न्यू जर्सीच्या माणसानें नदीपलीकडे जाऊन पिस्तूल आणलें तर न्यू जर्सीचा कायदा कागदावरच राहील. असें होऊं नये म्हणून मध्यवर्ती सरकारनें १९६८ सालीं सर्व राज्यांना लागू असा एक कायदा केला. त्याचें सार इतकेंच कीं, हत्यार तुम्ही कोठेंही पाहा, कोठेंही पसंत करा. पण तें हातीं पडतांना तुमच्या घरच्या राज्याचा कायदा तुमच्याबरोबर हजर असला पाहिजे.

आतां त्यांतले बारकावे पाहूं. पिस्तूल आणि रिव्हॉल्वर हीं खिशांत लपणारीं हत्यारें. तीं परराज्यांतील गिऱ्हाइकाच्या हातांत देण्याची दुकानदाराला मनाई आहे. गिऱ्हाइकानें पैसे भरावे. दुकानदारानें तें पिस्तूल गिऱ्हाइकाच्या घरच्या राज्यांतील परवानेवाल्या दुकानदाराकडे पाठवावें. आणि तेथें कागद भरून, चौकशी होऊन तें घ्यावें. लांब नळीची बंदूक, म्हणजे रायफल किंवा छऱ्याची बंदूक, परराज्यांतील दुकानदाराकडून समोरासमोर घेतां येते. मात्र दुकानाच्या राज्याचा आणि गिऱ्हाइकाच्या राज्याचा असे दोन्ही कायदे पाळले गेले पाहिजेत. १९६८ च्या मूळ कायद्यांत ही सवलत लगतच्या राज्यांपुरती होती. १९८६ च्या दुरुस्तीनें ती सर्व राज्यांना मिळाली. दुकानदार नसलेल्या एका माणसानें परराज्यांतील दुसऱ्या माणसाला हत्यार परस्पर विकतां येत नाहीं, भेट म्हणूनही देतां येत नाहीं. तो व्यवहार परवानेवाल्या दुकानदाराच्या हातूनच झाला पाहिजे. वारसानें आलेलें हत्यार आणि शिकारीसारख्या कायदेशीर खेळासाठीं थोडे दिवस दिलेलें हत्यार, एवढे अपवाद आहेत.

मग घरचें राज्य कोणतें? ज्या राज्यांत माणूस घर करून राहण्याच्या हेतूनें राहतो तें. दोन राज्यांत दोन घरें असलीं तर ज्या वेळीं ज्या घरीं तो राहतो, त्या वेळीं तें राज्य त्याचें. फौजेंतल्या शिपायाची कायम नेमणूक जेथें असेल तें राज्य त्याचें समजतात. सहज सहलीला गेलेला माणूस त्या मुलखाचा रहिवासी होत नाहीं.

येथेंच आमच्या घरांतून तिकडे गेलेल्या मुलांच्या आईबापांना एक सांगणें आहे. विद्यार्थी म्हणून किंवा ठराविक मुदतीच्या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या परदेशी माणसाला तेथें बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्याचीच सामान्यतः मनाई आहे. शिकारीचा रीतसर परवाना असलेल्याला सूट आहे, अशासारखे थोडे अपवाद सोडले तर मित्राची बंदूक हौसेनें घरीं आणून ठेवणें हाही गुन्हा होतो. कायमच्या रहिवासाचें कार्ड मिळालें म्हणजे गोष्ट निराळी. मग त्याला त्या राज्याचे रहिवासी म्हणून नियम लागू होतात. मुलाला पत्र लिहाल, फोन कराल, तेव्हां पगाराबरोबर हेंही एकदां कानावर घाला.

हा कायदा कोणा पंडिताच्या डोक्यांतून निघाला नाहीं. तो रक्तांतून निघाला. १९६३ सालीं टेक्सास राज्यांतील डॅलस शहरांत अध्यक्ष केनेडी यांना गोळी घातली गेली. ती रायफल शिकागोच्या एका दुकानांतून टपालानें मागविलेली होती. ऑस्वाल्डनें खोटें नांव लिहून, दुर्बीण आणि टपालखर्च धरून २१ डॉलर ४५ सेंट पाठविले, आणि हत्यार टपालानें हातीं आलें. ना दुकानदारानें तोंड पाहिलें, ना कोणी चौकशी केली. पुढें पांच वर्षें कायद्याचें घोडें सभागृहांत अडून राहिलें. मग १९६८ साल उजाडलें. मार्टिन ल्यूथर किंग, काळ्या जनतेचे पुढारी, टेनेसी राज्यांतील मेंफिस शहरीं सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यास गेले होते. हा संप कोणाचा, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें: शहराची घाण उपसणाऱ्या काळ्या मजुरांचा. ४ एप्रिल रोजीं तेथें त्यांचा खून झाला. मारेकरी जेम्स अर्ल रे हा मिसूरी राज्याच्या तुरुंगांतून पळालेला कैदी. त्यानें रायफल घेतली अलाबामा राज्यांतील बर्मिंगहॅमच्या दुकानांत, खोट्या नांवानें, खुनाच्या अवघ्या पांच दिवस आधीं. पळालेला कैदी एका राज्यांतला, हत्यार दुसऱ्या राज्यांतलें आणि खून तिसऱ्या राज्यांत! जूनमध्यें केनेडींचे बंधू रॉबर्ट यांनाही गोळी लागली. २२ ऑक्टोबर १९६८ रोजीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं या कायद्यावर सही केली. मजुरांच्या पुढाऱ्याचा प्राण गेल्यावर सरकारला जाग आली. जाग आली तीही अर्धवटच, कारण गिऱ्हाइकाची नोंद तपासून पाहण्याची देशभरची सोय व्हावयाला १९९३ चा कायदा लागला, आणि ती नीट सुरू झाली १९९८ सालीं.

कायदा झाला म्हणजे त्याला वळसा घालणाराही निघतोच. आमच्याकडे सावकार दुसऱ्याच्या नांवावर जमीन घेतो, तिला आपण बेनामी म्हणतों. तिकडे बंदूक बेनामी घेतात. ज्याला हत्यार मिळणार नाहीं तो आपल्या बायकोला, मैत्रिणीला किंवा गरजू गरिबाला पुढें करतो, आणि “मीच खरा खरेदीदार” असें तिच्याकडून किंवा त्याच्याकडून लिहून देववितो. याविषयीं २०१४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयांत एक खटला गाजला. व्हर्जिनिया राज्यांतील एका माजी पोलिसानें पेनसिल्व्हेनियांत राहणाऱ्या काकासाठीं (काका कीं मामा, इंग्रजींत दोघांना शब्द एकच) पोलिसांना मिळणाऱ्या सवलतीच्या दरांत पिस्तूल घेतलें. पुढें तें काकाच्या राज्यांतील दुकानदारामार्फत रीतसर काकाला दिलें. काकाही चौकशींत निर्दोष निघाला. तरी पुतण्याला शिक्षा झाली आणि पांच विरुद्ध चार मतांनीं ती कायम राहिली. कां? तर कागदावर “खरा खरेदीदार मीच” असें त्यानें खोटें लिहिलें. नात्यासाठीं केलें ही सबब चालली नाहीं. २०२२ च्या कायद्यानें तर बेनामी खरेदी हा स्वतंत्र गुन्हा ठरवून त्याला १५ वर्षांपर्यंत कैद ठेविली आहे.

दुसरी फट याहून मोठी आहे. एकाच राज्यांतील दोन खाजगी माणसांमधल्या विक्रीला मध्यवर्ती कायदा चौकशी लावीत नाहीं. तें त्या त्या राज्यावर सोपविलें आहे. त्यामुळें सैल कायद्याच्या राज्यांत हत्यारें घ्यावीं आणि सीमेपलीकडे चोरून विकावीं, हा धंदा चालतो. शिकागो शहरानें २०१७ सालीं पकडलेल्या हत्यारांचा माग काढला, तेव्हां निम्म्याहून अधिक हत्यारें इलिनॉय राज्याबाहेरचीं निघालीं, आणि बाहेरच्यांत सर्वांत अधिक शेजारच्या इंडियाना राज्यांतलीं. या बंदुकांनीं मरतात कोण? बहुतांशीं काळ्या वस्तींतलीं गरीब पोरें. मारणारें पोर गरिबाचें, मरणारें पोर गरिबाचें, आणि पैसा मात्र तिसऱ्याच्याच खिशांत! कुंपण नसलेल्या शेतांत राखणदार एकाच बांधावर बसवावा, तशी ही गत आहे.

या नियमाविरुद्धही तक्रार आहे, आणि ती ऐकून घेतली पाहिजे. राजधानी वॉशिंग्टन येथील एका जोडप्यानें टेक्सासच्या दुकानांत पिस्तुलें पसंत केलीं. तीं तेथेंच हातीं मिळेनात, म्हणून त्यांनीं दावा लावला. त्या वेळीं वॉशिंग्टनमध्यें हा व्यवहार करून देणारा दुकानदार एकच होता, आणि त्याची फी १२५ डॉलर होती. खालच्या न्यायालयानें जोडप्याच्या बाजूनें निकाल दिला. २०१८ सालीं वरच्या न्यायालयानें तो फिरवून नियम कायम ठेवला. कारण दिलें तें असें कीं, एका दुकानदाराला पन्नासही राज्यांचा पिस्तुलाचा कायदा तोंडपाठ असेल असें धरून चालतां येत नाहीं; ज्या राज्याचा कायदा त्याच राज्याच्या दुकानदारानें पाहावा. कारण योग्य आहे. पण १२५ डॉलर श्रीमंताला खुर्दा आहेत आणि मजुराला आठवड्याचें वाणसामान आहे, हेंही तितकेंच खरें. नियम सर्वांना एक असला तरी त्याचा भार कोणाच्या पाठीवर किती बसतो, हें पाहणें सुटत नाहीं.

आतां नाण्याची दुसरी बाजू. हत्यारांचे निर्बंध नेहमींच गरिबाच्या रक्षणासाठीं झाले असें कोणी समजूं नये. १८५७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ड्रेड स्कॉट या गुलामाचा दावा फेटाळला. काळा माणूस नागरिक होऊं शकत नाहीं असें ठरवितांना न्यायाधीशानें जी भीति दाखविली ती ही: त्याला नागरिक मानलें तर तो एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत मोकळेपणीं फिरेल, सभा घेईल आणि जाईल तेथें हत्यार बाळगील! पाहा, राज्याची सीमा ओलांडणें आणि हत्यार बाळगणें या दोन्ही गोष्टी माणूसपणाच्या खुणा आहेत हें धन्यांना किती चांगलें कळत होतें. १८६५ सालीं गुलामगिरी मोडली, आणि त्याच सालीं मिसिसिपी राज्यानें कायदा केला कीं, फौजेंत नसलेल्या मुक्त काळ्या माणसानें स्थानिक मंडळाच्या परवान्याशिवाय बंदूक ठेवूं नये. परवाना देणारे मंडळ कोणाचें? कालच्या धन्यांचें. पुढें १९५६ सालीं अलाबामांतील मॉंटगोमेरी येथें किंग यांच्या घरावर बॉंब पडला. त्यांनीं पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला, तो नाकारण्यांत आला. ज्याच्या घरावर बॉंब पडतो त्याला परवाना नाहीं, आणि बारा वर्षांनीं त्याला मारावयास निघालेल्या पळपुट्या कैद्याला दुकान मोकळें! अधिकाऱ्याची मर्जी म्हणजे काय चीज आहे, तें या एका चरित्रांत दिसतें.

२०२२ सालीं न्यूयॉर्क राज्याचा एक जुना नियम सर्वोच्च न्यायालयानें रद्द केला. तो खरेदीचा नसून हत्यार बरोबर घेऊन फिरण्याचा होता, आणि “योग्य कारण” दाखविल्याचें अधिकाऱ्याला पटलें तरच परवाना, असा होता. त्या खटल्यांत गरिबांची बाजू चालविणाऱ्या काळ्या वकिलांनीं न्यायालयाला कळविलें कीं, या कायद्याखालीं खटले होतात ते मुख्यतः काळ्या आणि स्पॅनिश-भाषी गरिबांवर. त्या निकालाचे सारेच परिणाम चांगले होतील असें आम्ही म्हणत नाहीं. पण मर्जीचा परवाना हा वरच्यांचा परवाना असतो, हा धडा मात्र त्यांत आहे.

म्हणून आमचें मत स्पष्ट आहे. जो नियम प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो (तुझें नांव काय, राहतोस कोठें, गुन्हा केला आहेस काय, हत्यार खरोखर तुझ्यासाठींच आहे काय) तो नियम गरिबाचा मित्र आहे. मग तो राज्याच्या सीमेवर आडवा आला तरी बेहत्तर. आणि जो नियम माणसाचें तोंड, रंग, जात किंवा जमीन पाहून उत्तर देतो, तो कितीही शिस्तीचा दिसला तरी तो बेडीच आहे.

हेंच माप आतां घरीं लावा. लॉर्ड लिटनच्या अमदानींत १८७८ चा हत्यारांचा कायदा झाला. रयतेची हत्यारें गेलीं. गोऱ्यांना मात्र सूट राहिली. रान माजलें, डुकरें माजलीं, आणि शेतकऱ्याच्या हातीं राहिली गोफण. जोतीरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांत सरकारला रोखठोक विचारणा आहे: शेतकऱ्याला गांवठी बंदूक ठेवूं द्यावयाची नसेल, तर राखणीचें काम पोलिसांकडे द्या, आणि तरीही डुकरांनीं पीक खाल्लें तर नुकसान वरिष्ठ अंमलदारांच्या पगारांतून किंवा खजिन्यांतून भरून द्या. असा हिशोब त्या काळीं दुसऱ्या कोणत्या पुढाऱ्याला सुचला?

स्वराज्यांत १९५९ चा कायदा आला. त्यांत आमच्या कामाचीं तीन कलमें आहेत, तीं प्रत्येक कुणब्याच्या तोंडीं असावींत. कलम १३: पिकाच्या राखणीची गरज खरी असेल, तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना अधिकाऱ्यानें द्यावयाचा आहे. कलम १४: अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाहीं, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारतां येत नाहीं. त्याच कलमाप्रमाणें नकाराचीं कारणें लेखी नोंदवावीं लागतात, आणि मागितल्यास, सार्वजनिक हिताच्या आड येत नसेल तर, अर्जदाराला द्यावीं लागतात. कलम १८: त्यावर अपील करतां येतें. “तुझ्या नांवावर जमीन किती?” म्हणून हंसणाऱ्या कारकुनाला कलम १४ दाखवा. तोंडी नकारावर घरीं परतूं नका, लेखी मागा.

पण हक्काबरोबर जबाबदारीही समजून घ्या. परवान्यावर जें क्षेत्र लिहिलें आहे, तेवढ्यांतच बंदूक चालते. चंदगडचा शेतकरी बेळगांवच्या बाजारीं किंवा सावंतवाडीचा माणूस गोव्यांत सहज जातो. पण बंदुकीला तशी सोयरीक नसते. परराज्यांतून हत्यार आणावयाचें असेल तर आधीं आपल्या जिल्ह्याच्या कचेरींतून लेखी परवानगी घ्यावी, मग पाऊल टाकावें. परवानेदारानें आपली बंदूक दुसऱ्या परवानेदाराला विकावयाची तरी आधीं लेखी वर्दी देऊन ४५ दिवस थांबावें लागतें. बाप वारला आणि बंदूक खुंटीला राहिली, तर ती विनाविलंब पोलीस ठाण्यांत किंवा परवानेवाल्या दुकानदाराकडे जमा करावी आणि मग वारसानें परवाना मागावा. अमेरिकेंतल्याप्रमाणें वारसाची सूट येथें धरूं नये. बंदुकीचा परवाना म्हणजे डुकराच्या शिकारीचा परवाना नव्हे; १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणें वनखात्याची परवानगी निराळी लागते. आणि लोहार-शिकलगार बंधूंनो, कोणी दलाल येऊन चार पैशांसाठीं नळी ओढून मागेल तर त्याला दारांतून हांकलून द्या. २०१९ च्या दुरुस्तीनें बिनपरवाना हत्यार बनविण्याला किमान सात वर्षें आणि कमाल जन्मठेप आहे. बेनामी बंदुकींत सांपडतो तो भात्यापाशीं बसलेला. दलाल तोपर्यंत दुसऱ्या राज्यांत पोंचलेला असतो.

आम्ही घरोघर बंदूक मागत नाहीं. बंदुकीनें शहाणपण येत नाहीं, आणि कर्जही फिटत नाहीं. आमचें मागणें एवढेंच आहे: पिकाच्या राखणीचे अर्ज ठराविक मुदतींत निकालांत काढावे, नकार लेखी आणि सकारण असावा, अर्ज किती आले, किती मंजूर झाले आणि कोणाचे झाले, याची यादी दरसाल तालुक्याच्या चावडीवर लावावी. यादी लागली म्हणजे बागाईतदाराच्या बंगल्यांत बंदुका किती आणि डोंगरकपारीच्या कोरडवाहू रानांत किती, हें सर्वांना वाचतां येईल. आणि ज्या सरकारला शेतकऱ्याच्या हातीं बंदूक द्यावयाची भीति वाटते, त्यानें जोतीरावांच्या हिशोबाप्रमाणें डुकरांनीं खाल्लेल्या पिकाची पुरती भरपाई बांधावर येऊन मोजून द्यावी. दोहोंपैकीं एक तरी करावेंच लागेल.